गरोदरपण आणि एक्स-रे : आयांच्या आठवणींतून लागलेला शोध

एक्स-रे काढण्यापूर्वी 'पाळी चुकली आहे का? दिवस गेले आहेत का?' असे विचारतात. अनेक भगिनी संकोचतात आणि पटकन 'नाही' म्हणून मोकळ्या होतात. हा प्रश्न का विचारतात, ते समजून घेऊ.

1950 च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोटातले बाळ कसे आहे हे पाहण्यासाठी गरोदर स्त्रीचा एक्स-रे काढत. बहुतेक डॉक्टरांना त्यात धोका वाटत नसे. त्याच काळात लहान मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, वाढताना दिसत होता. ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी ठरवले की, कारण शोधायचे तर आईलाच विचारायचे. 1953 ते 1955 या काळात कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आया आणि निरोगी मुलांच्या आया, अशा दोघींना सारखेच प्रश्न विचारले गेले. या कामाला एक हजार पौंड मिळाले ते लेडी टाटा स्मृती निधीतून. मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियानेच वारल्या होत्या.

1956 मध्ये निष्कर्ष आला. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट होता.

अनेक तज्ज्ञांना हे पटले नाही. मूल गमावलेली आई जास्त आठवून सांगते, असा त्यांचा आक्षेप होता. मग अमेरिकेत डॉ. ब्रायन मॅकमहॉन यांनी आठवणींवर विसंबून न राहता सात लाखांहून अधिक मुलांबाबत रुग्णालयांच्या नोंदी वापरल्या. 1962 मध्ये त्यांनाही सुमारे 40 टक्के वाढ दिसली. आयांचे सांगणे खोटे नव्हते.

असे का होते? एक्स-रेचे किरण पेशीतील डीएनएला इजा करू शकतात. गर्भातील पेशी झपाट्याने वाढत असल्याने त्या अधिक नाजूक असतात.

लक्षात ठेवा :

1. पाळी चुकली असेल किंवा शंका असेल, तर एक्स-रे वा सीटी स्कॅनपूर्वी न लाजता सांगा.

2. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, एक्स-रे नव्हे.

3. छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत अगदी नगण्य किरण पोहोचतात. टीबीची शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो जरूर काढावा. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र किरण कित्येक पटींनी जास्त असतात.

4. नकळत एक्स-रे निघाला असेल तर घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका, डॉक्टरांना भेटा. लहान मुलांचा कर्करोग मुळातच विरळ असतो. त्यामुळे धोका वाढला तरी बहुतेक बाळे निरोगीच जन्मतात आणि वाढतात.

5. जुने रिपोर्ट व फिल्म जपून ठेवा, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही.

आणि तपासणीच्या खोलीत कोणी विचारले नाही, तर आपण होऊन सांगा.