सुईचा ताप आणि दुसरा ताप



या अंकातील आरोग्यपाठ माझ्या हातून झालेल्या एका चुकीवरून घेत आहे.

मागच्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर लसीकरण होते. लस टोचण्याचे काम उपकेंद्राच्या नर्सबाईंचे आणि आयांना समजावण्याचे माझे. साडेतीन महिन्यांच्या एका मुलीला पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस व त्यासोबतच्या लसी मिळाल्या. मी नेहमीचे वाक्य बोलले, "ताप येईल, घाबरू नका. सुईचा ताप आहे, आपोआप उतरेल."

सहाव्या दिवशी दुसऱ्या कामासाठी त्याच वाटेने गेले. ओटीवर आजी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीचे अंग चटका बसावा इतके तापलेले, दूध ओढत नव्हती. मी कुंची वर केली तर श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता.

"आजी, कधीपासून असं?"

"तीन दिस झालं, बाई. तूच सांगितलंस ना, सुईचा ताप हाय, आपसूक जाईल म्हणून."

मी घड्याळ लावून श्वास मोजले. एका मिनिटात 64. दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका घ्यायचीच, आणि छाती आत ओढली जात असेल तर दवाखाना गाठायचा. 108 ची गाडी बोलावली, मुलीला दाखल केले, आठवड्याने ती बरी होऊन घरी आली. आजीने काहीच चूक केली नव्हती. तिने माझे ऐकले होते. मी ताप येईल एवढेच सांगितले, तो कधी जायला हवा हे सांगितलेच नाही.

नंतर विचारल्यावर सगळे नीट कळले. पहिल्या रात्री ताप आला होता, दुसऱ्या दिवशी उतरला, एक दिवस मुलगी हसतखेळत होती आणि मग पुन्हा ताप चढला. पहिला ताप सुईचा होता, दुसरा सुईचा नव्हता. उतरून पुन्हा चढलेला ताप नवा समजावा, ही खूण त्या दिवशी आजीला माहीत असती तर तीन दिवस वाया गेले नसते.

सुईचा ताप येतो कसा, ते पाहू. पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच रोगांविरुद्धची लस असते. तिच्यात जिवंत जंतू नसतात, म्हणून ती तो रोग देऊ शकत नाही. शरीर तिला परके समजून तयारीला लागते, त्या तयारीचा हा ताप. तो बहुधा त्याच दिवशी किंवा रात्री येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. मांडी दुखते, थोडी सुजते, मूल किरकिर करते. तिथे स्वच्छ ओल्या फडक्याची घडी ठेवावी. चोळू नये, हळद-चुना लावू नये. अंगावरचे दूध चालू ठेवावे. पॅरासिटामॉल नर्सबाईंनी सांगितले तेवढेच द्यावे.

पण खोकला, वाहणारे नाक, धाप या गोष्टी त्या सुईने होत नाहीत. त्या दिसल्या की पहिल्या दिवशीसुद्धा "सुईचे आहे" म्हणून बसू नये. (2021 मध्ये आपल्यातलेही काही जण कोरोनाच्या लसीनंतर खोकला आणि गेलेला वास लसीवर टाकून घरी बसले होते, हे आठवून पाहा. पाड्यावरच्या माणसांना हसण्याचे कारण नाही.)

आता कुणी विचारेल, मुलीला लस दिली होती तर न्यूमोनिया झालाच कसा? न्यूमोनिया पुष्कळ जंतूंनी होतो. लस त्यातल्या काहींपासूनच राखते, आणि तीही पूर्ण डोस होऊन शरीर तयार झाल्यावर. शिवाय लसींचे वय आणि लहानग्यांच्या आजारांचे वय एकच. पावसाळ्यात लस घेतलेल्या मुलांपैकी एखादे त्याच आठवड्यात आजारी पडायचेच, लस दिली असो वा नसो. आमच्या भागात मलेरियाही आहे. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्यावे, तारखेचा हिशेब करत बसू नये.

दोन लसी मात्र या हिशेबाला अपवाद आहेत. गोवर-रुबेलाच्या लसीत कमजोर केलेले जिवंत विषाणू असतात, म्हणून तिचा ताप उशिरा, साधारण पाच ते बारा दिवसांनी येतो आणि कधी अंगावर बारीक पुरळही उठते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, सुकतो, खूण राहते. त्याला मलम नको, पट्टी नको.

कोणत्याही सुईनंतर, कोणत्याही दिवशी, झटका आला, मूल सुस्त पडले, दूध सोडले, तीन तासांहून जास्त सतत रडले किंवा सुईची जागा दोन-तीन दिवसांनंतरही वाढत जाऊन पू झाला, तर लसीमुळे की आजारामुळे हा विचार घरी करायचा नाही. तो डॉक्टर करतील. कार्ड घेऊन निघायचे. लस घेतल्यावर अर्धा तास थांबवून ठेवतात तेही यासाठीच, कारण जोराची अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांतच दिसते आणि तिथे इंजेक्शन तयार असते.

आता मी "घाबरू नका"वर थांबत नाही. तारखा पुष्कळांना वाचता येत नाहीत, म्हणून वार सांगते. "आज बुधवार. ताप शुक्रवारपर्यंत जायला हवा. शनिवारी अंग गरम लागलं तर तो सुईचा नाही, आशाताईला बोलवा." आणि आजीकडून उलट म्हणवून घेते, कारण मूल रात्री तिच्याच कुशीत असते.

तीच मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा गोवर-रुबेलाला आली. एक दंडावर, बाकीच्या ठरलेल्या सुया वेगळ्या. आजीने मला बोलूच दिले नाही. "हा कुठल्या वारी उतरायचा, ते आधी सांग."

मी म्हटले, "आज-उद्या आला तर तो बाकीच्या सुयांचा, दोन दिवसांत जाईल. दंडावरच्या सुईचा पुढच्या बाजाराच्या सुमाराला येईल, आलाच तर."

"म्हंजे दोन दोन ताप?" ती म्हणाली, आणि बोटांवर वार मोजू लागली.