गणिताच्या तासाला जाताना

लेकी, नांदेड-लातूरकडच्या जिल्हा परिषद शाळेत तुला खालचे वर्ग मिळालेत. निवृत्त बाईचं एवढं ऐकून घे.

आधी आपली जीभ आवर. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे पोरींच्या कानावर पडू देऊ नकोस. २०१० साली शिकागोच्या संशोधकांना पहिली-दुसरीच्या वर्गांत हेच दिसलं. बाईंना गणिताची धास्ती असली, की वर्षअखेरीला मुली मागं पडल्या, मुलं नाही.

उत्तर पाटीवर घे. तोंडी विचारलंस, तर दोन पोरं ओरडून मोकळी होतात आणि पोरी गप्प बसतात. सगळ्यांनी लिहायचं, मग एकदम पाट्या वर.

बरोबर उत्तरालाही ‘कसं केलंस?’ विचार. फक्त चुकल्यावर विचारत राहिलीस, तर बाईंनी विचारलं म्हणजे चुकलंच, असं समजून पोर बरोबर उत्तरही खोडते.

आकड्यांच्या नावांत अडकली, म्हणून मठ्ठ ठरवू नकोस. एकवीस म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन. म्हणूनच २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी रीतही आली. लोकांनी थट्टा केली. पण पुस्तकाच्या समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या, त्यांनी दुखणं नेमकं ओळखलं होतं. तू दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून दे. दोन गठ्ठे, एक सुटी काडी. पोर आपोआप वाचते.

मोजमाप पोरींच्या हाती दे. रांगोळी पोरींनी, टेप पोरांनी, हे वाटप मोड. पोषण आहारात पाचवीपर्यंत दर लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ. आज ३७ हजर, तर किती? तिसरीतल्या पोरीला काट्यापाशी उभी कर. ३ किलो ७०० ग्रॅम स्वतः मोजलेली पोर वहीतल्या गुणाकाराला भीत नाही.

आयांशी बोल. दुकानाला पोरगा जातो, पोरगी भांड्यांना बसते. सुट्ट्या पैशांचा सराव एकट्या पोराला मिळतो. सोयाबीन काढणीची मजुरी, बचत गटाचा हप्ता, सगळा हिशेब माय बोटांवर करते. तो पोरीसमोर मोठ्यानं कर, म्हणावं.

दहावी-बारावीची तयारी लातूरच्या शिकवण्या करून घेतील. तोवर ‘मला येत नाही’ म्हणायची सवय हाडीमाशी मुरलेली असते. ती दुसरी-तिसरीतच मोडावी लागते, आणि ते काम तुझं आहे.