मिळकतीचा पुरावा : कुशल कामगार म्हणून ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्यांना चार गोष्टी

ज्यांच्या वडिलांचे उभे आयुष्य गिरणीत, रेल्वेत किंवा नगरपालिकेच्या चाकरीत गेले, त्यांची मुले-मुली आज परिचारिका, अभियंते, संगणकतज्ज्ञ, शिक्षक झाली आहेत. त्यांपैकी काहीजण परदेशी स्थायिक होण्याचा विचार करीत आहेत. याबाबत विचारणा करण्यासाठी जे तरुण आमच्याकडे येतात, ते पहिला प्रश्न इंग्रजीच्या परीक्षेविषयी विचारतात आणि दुसरा खर्चाविषयी. पगाराच्या कागदांविषयी सहसा कोणी विचारीत नाही. अर्ज मात्र अनेकदा तेथेच अडतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही याच एका विषयाचा विचार करणार आहोत.

प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात. कॅनडाच्या काही योजनांत, तेथे गेल्यावर सुरुवातीचा निर्वाह होईल एवढी शिल्लक बँकेत असल्याचे दाखवावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत शिल्लक हा मुख्य प्रश्न नसतो; तेथे पगार हा केलेल्या कामाचा पुरावा म्हणून तपासला जातो. आम्ही येथे ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण घेत आहोत.

पगाराचा कागद का मागतात?

अनुभवाचे प्रमाणपत्र कोणीही लिहून देऊ शकतो. ओळखीचा मालक असला तर दोन वर्षांची चार वर्षे करून देणारेही भेटतात. हे तेथील अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून ते विचारतात : काम केले म्हणता, मग त्याचा मोबदला मिळाला का? कोणत्या महिन्यात, किती, कोणत्या खात्यात? त्यावर कर कापला गेला का? भविष्यनिर्वाह निधी जमा झाला का? मालकाचे पत्र हा एकट्या मालकाचा शब्द असतो. बँक, आयकर खाते आणि भविष्यनिर्वाह निधी कार्यालय यांच्या नोंदी मालकाच्या हाताबाहेरच्या असतात. त्या सर्व एकमेकींशी जुळल्या की अनुभव सिद्ध होतो.

गुणांसाठी नोकरी मोबदल्याची आणि आठवड्याला किमान २० तासांची असावी लागते. बिनपगारी सेवा कितीही मोलाची असली तरी तिचे गुण मिळत नाहीत.

गुणांचा हिशेब

सबक्लास १८९, १९० आणि ४९१ हे व्हिसा गुणांवर आधारलेले आहेत. त्यांसाठी किमान ६५ गुण लागतात. प्रत्यक्ष निमंत्रण मिळण्यासाठी पुष्कळदा त्याहून अधिक असावे लागतात. वय, शिक्षण, इंग्रजी आणि अनुभव ही गुणांची मुख्य अंगे होत. ऑस्ट्रेलियाबाहेर केलेल्या कुशल कामाला गेल्या १० वर्षांतील अनुभव धरून असे गुण मिळतात :

३ वर्षांहून कमी : गुण नाहीत
३ वर्षे पूर्ण, ५ हून कमी : ५ गुण
५ वर्षे पूर्ण, ८ हून कमी : १० गुण
८ वर्षे किंवा अधिक : १५ गुण

उमेदवार प्रथम 'स्किलसिलेक्ट' या व्यवस्थेत आपली इच्छा नोंदवितो. या वेळी तो आपले गुण स्वतःच सांगतो, कागद कोणी मागत नाही. येथेच अनेकांची गफलत होते. निमंत्रण आल्यावर ६० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि सांगितलेला प्रत्येक गुण कागदाने सिद्ध करावा लागतो. निमंत्रण ज्या गुणांवर आले तेवढे गुण तपासणीत भरले नाहीत, तर अर्ज नाकारला जातो. अर्जाचे शुल्क हजारो डॉलरच्या घरात असते आणि नकार मिळाला म्हणून ते परत मिळत नाही.

एक प्रसंग

आमच्या परिचयातील एका भगिनींची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्या नर्सिंगच्या पदवीधर. वय ३१, म्हणून वयाचे ३० गुण, पदवीचे १५, इंग्रजीचे १०. नोकरी सव्वापाच वर्षांची, म्हणून अनुभवाचे १०. एका राज्याचे नामनिर्देशन मिळाले त्याचे ५. एकूण ७० गुण धरून त्यांना १९० व्हिसाचे निमंत्रण आले. घरात आनंद झाला. पेढे वाटले गेले.

कागद जमविताना लक्षात आले की पहिली अडीच वर्षे त्या एका लहान खासगी रुग्णालयात होत्या. तेथे पगार पाकिटातून मिळे. महिनाअखेर रजिस्टरवर सही करायची, पाकीट घ्यायचे आणि घरी यायचे. पावती नाही, बँक नाही, निधी नाही. रात्रपाळ्या त्यांनी केल्या, रुग्णांची सेवा त्यांनी केली, परंतु त्या अडीच वर्षांचा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. मालकांनी अनुभवाचे पत्र देण्याची तयारी दाखविली, पण पगाराचा आकडा लिहावयास ते कबूल होईनात.

सिद्ध होण्याजोगी नोकरी उरली पावणेतीन वर्षांची. म्हणजे ३ वर्षेही पूर्ण नाहीत. अनुभवाचे १० गुण गेले आणि बेरीज ७० वरून ६० वर आली. त्यांनी आम्हांला विचारले, "दादा, काम तर मी खरेच केले आहे. मग पगाराच्या पावत्या आता छापून घेतल्या तर त्यात खोटे काय?" या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांला सोपे गेले नाही. त्यांचे म्हणणे मनाला पटणारे होते. तरीही आम्ही नको म्हणालो. का, ते पुढे येईलच. त्यांनी ऐकले आणि निमंत्रणाची मुदत जाऊ दिली. आणखी ३ महिन्यांनी त्यांची कागदोपत्री ३ वर्षे पूर्ण झाली आणि ५ गुण हाती आले. नव्या निमंत्रणाची त्या वाट पाहत आहेत. वयाची ३३ वर्षे पूर्ण होताच वयाचे ५ गुण कमी होतील, ही चिंता आहेच.

ही हकीकत एकट्या त्यांची नाही. लहान कारखाने, खासगी दवाखाने, कंत्राटदार यांच्याकडे पहिली नोकरी करणाऱ्या आपल्या कित्येक मुलामुलींची हीच स्थिती आहे.

कोणते कागद जपावेत?

१. नेमणुकीचे पत्र, पगारवाढीची पत्रे आणि कार्यमुक्तीचे पत्र.

२. मालकाचे अनुभवपत्र. त्यात हुद्दा, कामाचे स्वरूप, नोकरीच्या तारखा, आठवड्याचे तास आणि पगार असावा. खाली सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा व संपर्क असावा. नुसते 'वर्तणूक चांगली' असे पत्र या कामी उपयोगाचे नाही.

३. पगाराच्या पावत्या. प्रत्येक महिन्याची ठेवावी.

४. बँकेचा खातेउतारा, ज्यात मालकाच्या नावाने पगार जमा झालेला दिसतो. नोकरी बदलल्यावर जुने पगारखाते बंद करण्यापूर्वी संपूर्ण उतारा शिक्क्यानिशी घ्यावा.

५. आयकराची विवरणपत्रे आणि मालकाने दिलेले करकपातीचे प्रमाणपत्र, जे वर्षानुवर्षे 'फॉर्म १६' या नावाने लोकांना परिचित आहे. मिळकत करपात्र नसली तरी विवरणपत्र भरता येते. कर शून्य असला तरी त्या वर्षी मिळकत होती याची सरकारी नोंद राहते.

६. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हा कायदा सर्वसाधारणपणे लागू होतो. त्यात दर महिन्याची जमा मालकाच्या नावासह दिसते, म्हणून हा पुरावा फार वजनदार ठरतो. नोकरी सोडताच निधी काढून घेण्याची घाई पुष्कळजण करतात. काढावाच लागला तर आधी पासबुकाची प्रत काढून ठेवावी.

या कागदांतील आकडे परस्परांशी जुळले पाहिजेत. पत्रात १८,००० आणि बँकेत दरमहा ९,००० असे दिसले, तर अधिकारी संशय घेणारच. अर्धा पगार रोख मिळत असेल तर तो खात्यात जमा करण्याची मागणी नोकरीत असतानाच करावी. सोडून गेल्यावर ते होत नाही.

मराठीतील कागद असल्यास इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भारतात भाषांतर करून घेतल्यास भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्या भाषेतील पात्रता व अनुभव त्यावर लिहिलेला असावा.

नावाची भानगड

आपल्याकडे पगारपत्रकावर आद्याक्षरे, बँकेत वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, पारपत्रावर निराळे स्पेलिंग आणि विवाहित भगिनींच्या बाबतीत माहेरचे-सासरचे आडनाव असा गोंधळ सर्रास आढळतो. आपल्याला तो क्षुल्लक वाटतो. परक्या देशातील अधिकाऱ्याला ती दोन निराळी माणसे वाटू शकतात. नाव बदलले असेल तर राजपत्रातील नोंद, विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र जवळ ठेवावे आणि पुढील सर्व कागदांवर पारपत्राप्रमाणेच नाव लिहून घ्यावे.

तेथे पोहोचल्यावर

४९१ हा व्हिसा कायमचा नसतो. तो ५ वर्षांचा असून सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन ही महानगरे वगळून नेमून दिलेल्या भागात राहावे व काम करावे लागते. किमान ३ वर्षे तो व्हिसा धारण केल्यावर १९१ या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. २०१९ मध्ये ही योजना आली तेव्हा वर्षाला ५३,९०० डॉलर करपात्र मिळकतीचा आकडा सांगितला गेला होता. पुढे १९१ व्हिसा नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तो किमान मिळकतीच्या अटीशिवाय. जुना आकडा ऐकून पुष्कळजण आजही उगाच घाबरतात. मात्र व्हिसाच्या काळातील ३ उत्पन्नवर्षांच्या करनिर्धारणेच्या नोटिसा मुख्य अर्जदाराला द्याव्याच लागतात.

तेथील उत्पन्नवर्ष १ जुलै ते ३० जून असे असते. स्वतः विवरणपत्र भरणाऱ्यांना ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत असते. विवरणपत्र भरले नाही तर नोटीस निघत नाही. म्हणून मिळकत थोडी असली तरी दरवर्षी विवरणपत्र भरावे.

तेथेही रोखीने पगार देऊन नोंद टाळणारे मालक भेटतात, आणि आपलाच देशबांधव आहे म्हणून आपण गप्प बसतो. रोख पगार देणे तेथे बेकायदा नाही; परंतु पगार दिल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात पावती देणे, कर कापणे आणि सुपरअॅन्युएशन म्हणजे निवृत्तिनिधी भरणे मालकावर बंधनकारक आहे. १ जुलै २०२५ पासून या निधीचा दर १२ टक्के आहे. मालक हे करीत नसेल तर 'फेअर वर्क ऑम्बुड्समन' या सरकारी कार्यालयाकडे दाद मागता येते.

खोटा कागद नको

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांत '४०२०' क्रमांकाचा एक निकष आहे. बनावट कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे आढळल्यास अर्ज नाकारला जातो आणि साधारणतः ३ वर्षे पुढचे व्हिसाही अडतात. ओळखीबाबत लबाडी असल्यास १० वर्षे. काम खरे असले तरी मागाहून छापलेली पावती ही बनावटच ठरते, आणि तिच्यामुळे बाकीचे सर्व खरे कागदही संशयात सापडतात. 'सगळे करून देतो' म्हणणारा दलाल त्या वेळी बाजूला होतो. अर्जावर सही आपली असते.

म्हणून जेवढे सिद्ध करता येईल तेवढेच गुण सांगावेत. इच्छा नोंदविण्याआधीच कागद मांडून महिने मोजावेत.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ

ज्यांना परदेशी जायचे नाही त्यांनाही गृहकर्ज, निवृत्तिवेतन, नुकसानभरपाई अशा प्रसंगी हेच कागद लागतात. म्हणून सर्वांनीच या महिन्यात पुढील तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. एक फाइल करून पहिल्या नोकरीपासूनचे कागद वर्षवार लावा. मधले कोणते महिने रिकामे आहेत ते वहीत लिहा.

२. पारपत्र, पॅन, बँक आणि पगारपत्रक यांवरील आपले नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

३. घरातील जो भाऊ किंवा बहीण या वर्षी पहिल्या नोकरीवर रुजू होत आहे, त्यांना पहिल्या पगाराआधीच विचारायला सांगा : "पगार खात्यात जमा होईल ना? पावती मिळेल ना?" विचारताना संकोच वाटेल. आमच्या त्या भगिनींनाही पहिल्या दिवशी तसाच संकोच वाटला होता.