विद्यार्थ्याचा लॅपटॉप : बॅटरी, वेग आणि ग्राफिक्स यांचा विवेक

शिक्षणाची साधने पिढीगणिक बदलत आली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह चालवले, त्या काळी विद्यार्थ्याला निवारा, दोन वेळचे अन्न आणि पुस्तके मिळवून देणे हेच मोठे कार्य होते. आज आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन पदविका, पदवी किंवा स्पर्धा परीक्षेच्या वाटेला लागणाऱ्या मुलामुलींच्या गरजांत लॅपटॉपची भर पडली आहे. अनेक घरांत तो पहिलाच संगणक असतो. त्यासाठी आई बचत गटातून कर्ज उचलते, वडील साठवलेली पुंजी मोडतात, कधी शिष्यवृत्तीची सारी रक्कम एकदम खर्ची पडते. ही खरेदी चुकली तर पुढच्या वर्षी दुसरी करता येत नाही. तीन-चार वर्षे त्याच यंत्रावर अभ्यास रेटावा लागतो. म्हणून बॅटरी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

तिन्हींचा स्रोत एकच

दुकानात गेल्यावर ‘तिन्ही उत्तम असलेला लॅपटॉप दाखवा’ अशी मागणी स्वाभाविकपणे केली जाते. परंतु या तीन गुणांमध्ये मूळचीच ओढाताण आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप हे दोघेही बॅटरीतील वीज खातात आणि तिची उष्णता करतात. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखे व तांब्याच्या नळ्या लागतात, त्यामुळे यंत्र जाड व जड होते. यंत्र हलके ठेवावे तर मोठी बॅटरी आणि मोठे पंखे त्यात बसत नाहीत.

हा हिशेब घरच्या घरी करता येतो. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात आणि तो आकडा बहुधा बॅटरीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. समजा, बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. लेखन-वाचन करताना यंत्र सरासरी ७ वॅट वीज घेत असेल, तर ते सुमारे सात तास चालेल. त्याच यंत्रावर त्रिमितीय आरेखनाचे अवजड काम सुरू केले आणि वापर ६० वॅटवर गेला, तर तीच बॅटरी ५० मिनिटांत संपेल. बॅटरी हवी तेवढी मोठी करावी म्हटले, तर त्यालाही मर्यादा आहे. विमानात विशेष परवानगीविना १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही सहसा त्या आकड्याच्या आतच ठेवलेली असते.

वीणेच्या तारा

सोण कोळिविस या भिक्खूची कथा आपल्या वाचकांना परिचित आहे. पायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोणाला भगवान बुद्धांनी त्याच्या गृहस्थाश्रमातील वीणेची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल सोडल्या तरीही वाजत नाही. त्या योग्य तेवढ्याच ताणाव्या लागतात. हा उपदेश साधनेतील वीर्याविषयी आहे. त्यातील मात्रा ओळखण्याचा धडा मात्र खरेदीच्या व्यवहारातही उपयोगी पडतो. तिन्ही गुण सारखे वाटून घेणे म्हणजे मात्रा नव्हे. कोणत्या अभ्यासाला कोणता गुण किती लागतो, हे आधी ठरवून मग पैसा खर्च करणे ही मात्रा होय.

अभ्यासक्रमानुसार निवड

कला, वाणिज्य, विधी, परिचर्या आणि स्पर्धा परीक्षा यांच्या विद्यार्थ्यांनी बॅटरीला प्रथम स्थान द्यावे. त्यांचे काम म्हणजे टंकलेखन, पीडीएफ पुस्तके, तक्ते आणि ध्वनिचित्रफितींवरील व्याख्याने. आजचा कोणताही मध्यम प्रोसेसर ते सहज पेलतो. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ हे अक्षर असेल, तर तो सहसा १५ वॅटच्या आसपास चालणारा, वीज वाचवणारा प्रकार असतो. ज्या गावात दुपारी तासन्‌तास वीज जाते, ज्या अभ्यासिकेत एका बोर्डाभोवती दहा जण बसतात, तेथे सात-आठ तास टिकणारी बॅटरी ही चैन नसून गरज आहे. या विद्यार्थ्यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता नाही; प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेले ग्राफिक्स त्यांना पुरेसे होते.

संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी प्रोसेसर आणि रॅम यांकडे पाहावे. मोबाइल अ‍ॅप तयार करण्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ चालवणे, त्यात आभासी फोन उघडणे, एकाच यंत्रात दुसरी कार्यप्रणाली बसवणे, या कामांना ८ जीबी रॅम अपुरी पडू लागते. १६ जीबी असल्यास काम सुरळीत चालते. कृत्रिम बुद्धिमत्ता शिकायची म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड हवेच, असा समज सर्वत्र आढळतो. प्रारंभीच्या अभ्यासासाठी गुगल कोलॅबसारख्या सेवेत ब्राउझरमधून दूरच्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड मर्यादित प्रमाणात विनामूल्य वापरता येते. त्यासाठी चांगले इंटरनेट मात्र हवे.

यंत्र व स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला आणि अ‍ॅनिमेशन या शाखांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे खरे प्रयोजन आहे. सॉलिडवर्क्स, रेव्हिट, ब्लेंडर यांतील मोठी प्रतिमाने फिरवताना व त्यांची अंतिम चित्रे तयार करताना त्याचा लाभ होतो. तथापि पहिल्या वर्षीचे ऑटोकॅडमधील द्विमितीय आरेखन साध्या ग्राफिक्सवरही होते. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही विंडोजसाठीची सॉफ्टवेअर आहेत, म्हणून या शाखांच्या विद्यार्थ्यांनी मॅकबुक घेण्यापूर्वी थांबून विचार करावा. अवजड ग्राफिक्सचे यंत्र दोन किलोंहून अधिक वजनाचे, त्याचा चार्जरही जड आणि बॅटरी अल्पकाळ टिकणारी, हे गृहीत धरूनच ते घ्यावे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अशी यंत्रे सायंकाळपर्यंत खुली असतील, तर स्वतःच्या लॅपटॉपवरील तो खर्च कदाचित वाचवताही येईल.

नाव पाहू नये, आकडा पाहावा

कालाम लोकांना भगवंतांनी दिलेला उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: केवळ ऐकीव आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावी. लॅपटॉपवरील चकचकीत लेबलांनाही हा निकष लावावा.

‘आय-७’ हे ‘आय-५’पेक्षा नेहमीच श्रेष्ठ, ही अशीच एक ऐकीव गोष्ट. २०१६ साली आलेल्या आय-७ ७५००यू या प्रोसेसरमध्ये दोनच कोअर होते; २०२२ सालच्या आय-५ १२३५यूमध्ये दहा आहेत. जुन्या ‘सात’पेक्षा नवा ‘पाच’ कितीतरी वेगवान ठरतो. म्हणून आकड्याबरोबर पिढीही विचारावी. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादेवर बसवलेले असते. नाव एकच, पण कामगिरीत मोठा फरक. ‘बारा तासांपर्यंत बॅटरी’ या जाहिरातीतील ‘पर्यंत’ हा शब्दही लक्षात ठेवावा. पडद्याचा प्रकाश वाढवला आणि चार-पाच कामे एकदम चालू ठेवली, की तो आकडा झपाट्याने खाली येतो.

वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आवर्जून तपासाव्यात. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यात मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण चार्ज झाल्यावर उरणारी क्षमता शेजारी शेजारी दिसतात. ५० वॅट-तासांची बॅटरी ३० वर आली असेल, तर किंमत ठरवताना नव्या बॅटरीचा खर्च धरावा. दुसरी गोष्ट, विंडोज १०चे नियमित अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११साठी सर्वसाधारणपणे इंटेलची आठवी किंवा त्यापुढील पिढी लागते. त्याहून जुने यंत्र स्वस्त मिळाले तरी विद्यार्थ्यासाठी घेऊ नये. यंत्र नवे असो वा जुने, रॅम पुढे वाढवता येते की मदरबोर्डवर कायमची जोडलेली आहे, हेही विचारून घ्यावे.

घेतलेले यंत्र टिकवणे हाही अभ्यासाचाच भाग मानावा. उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवल्यास हवा आत-बाहेर जाण्याच्या फटी बंद होतात. दिवसभर चार्जरला जोडून काम करावयाचे असेल, तर अनेक यंत्रांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती चालू ठेवावी, म्हणजे बॅटरी अधिक वर्षे साथ देते.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत आणि होतकरू मुलांना लॅपटॉप घेऊन देण्याची इच्छा बाळगून आहेत. त्यांना आमची नम्र विनंती आहे, की देण्यापूर्वी त्या मुलाला किंवा मुलीला तीन प्रश्न विचारावेत: कोणता अभ्यासक्रम, त्यात कोणते सॉफ्टवेअर आणि राहण्याच्या ठिकाणी वीज किती तास असते. विधीच्या विद्यार्थिनीला खेळांसाठी बनवलेले जड यंत्र दिले, तर ते तिच्या खोलीतील प्लगलाच बांधलेले राहील. तेवढ्याच रकमेत कदाचित दोघींना पुरतील असे दोन हलके लॅपटॉप येऊ शकतील. दानाबरोबर विवेक जोडला, तर गावाकडे वीज गेलेल्या दुपारीही आपल्या मुलीचा अभ्यास चालू राहील.