आधी आपलं सेवापुस्तक उघडा

३१ मे २०२३. संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि सहकाऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन मी जिल्हा पोलीस कार्यालयातून बाहेर पडलो. माझी जन्मतारीख १ जून, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. माझ्या पिढीत अनेकांची तीच आहे, म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी निवृत्तांची रांग लागते. त्या दिवशी आम्ही नऊ जण होतो. आठ जणांचे पेन्शनचे आदेश आलेले होते आणि ती आठही प्रकरणं मी स्वतः तयार केली होती. नववा मी. माझा आदेश आला नव्हता. तो यायला अकरा महिने लागले.

मी वर्दीतला नव्हे. १९८७ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. बारनिशी झाली, पगारबिलं झाली आणि शेवटची चौदा वर्षं पेन्शनचं टेबल सांभाळलं. पोलीस म्हटलं की लोकांना खाकी दिसते; पण बंदोबस्तावरच्या शिपायाचा प्रवासभत्ता, त्याची रजा, त्याची वेतननिश्चिती हे सगळं आमच्यासारख्या साध्या कपड्यांतल्या माणसांच्या हातून जातं. शिपाई-हवालदार मला ‘भाऊसाहेब’ म्हणत. या कामाचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

एका पोलीस नाईकाच्या पत्नीची आठवण सांगतो. नवरा बंदोबस्तावर असताना हृदयविकाराने गेला. बाई रेशनकार्ड आणि लग्नाचा फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सेवापुस्तकात त्यांचं माहेरचं नाव होतं, बँकेत सासरचं. मी राजपत्राची जाहिरात, प्रतिज्ञापत्र, पडताळणी, सगळं मागे लागून करून घेतलं. चौथ्या महिन्यात त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. हे सगळं करत होतो तेव्हा माझ्या सेवापुस्तकातही माझ्या पत्नीचं नाव असंच जुळत नव्हतं. मी ते पुस्तक वर्षानुवर्षं उघडलंच नव्हतं.

नियम मला पाठ होते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे निवृत्तीच्या दोन वर्षं आधी तयारी सुरू करायची आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखाकारांकडे पाठवायचं. आमच्या मराठवाड्याची आणि विदर्भाची प्रकरणं नागपूरला जातात. माझ्या हाताखाली आलेली नवी मुलगी दोन वर्षं आधीच म्हणाली होती, “सर, तुमचं पुस्तक काढू का?” मी म्हणालो, “आधी हवालदारांची होऊ दे. माझं काय, घरचंच आहे.” ते वाक्य मला महागात पडलं.

शेवटी पाच महिने उरले असताना पुस्तक बाहेर आलं. टेबलावर ते उघडून त्या मुलीने एकेक पान माझ्यासमोर फिरवलं. १९९४ ते १९९७ या काळात मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. तिथल्या सेवेच्या पडताळणीच्या नोंदीखाली सहीच नव्हती. एमएस-सीआयटी मी २००७ अखेरच्या मुदतीआधी उत्तीर्ण झालो होतो, पण त्याची नोंदच घेतलेली नव्हती. आणि नामनिर्देशनाच्या पानावर आईचं नाव होतं. आई २००९ सालीच गेली. त्या पानावर माझ्या तरुणपणीच्या अक्षरात तिचं नाव, वय, नातं लिहिलेलं होतं. बराच वेळ मी त्या पानावरून नजर काढू शकलो नाही.

वेतन पडताळणी पथकाने आक्षेप घेतला. संगणक परीक्षेची नोंद नाही, तर नंतरच्या वेतनवाढी कशा दिल्या? प्रमाणपत्र घरी ट्रंकेत सापडलं, पण तोवर जून उजाडला होता. पडताळणीची सही नसलेल्या त्या तीन वर्षांची वेतन देयकं शोधायला मी जुन्या जिल्ह्यात चार खेपा मारल्या. कार्यालयाची इमारत बदलली होती आणि जुनं दप्तर गोदामात पडलं होतं. इकडे सरकारी क्वार्टर सोडायची मुदत संपत आली. गावाकडचं घर उपदानाच्या भरवशावर काढलेलं होतं, ते खिडक्यांपर्यंत येऊन थांबलं. आम्ही खिडक्यांना गोणपाट लावून त्या घरात राहायला गेलो. तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू झालं म्हणून चूल पेटत राहिली. पण एका पावसाळ्यात पत्नीने भिजलेल्या गोणपाटाचं पाणी किती वेळा पिळून काढलं, याचा हिशेब माझ्याकडे नाही. चूक माझी होती आणि भोगली तिने.

म्हणून पोलीस दलात, तुरुंगात, न्यायसहायक प्रयोगशाळेत, नियंत्रण कक्षात, कुठेही मागच्या बाजूला बसून काम करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींना कळकळीने सांगतो.

सेवापुस्तक दरवर्षी पाहणं हा तुमचा हक्क आहे. पाहून सही करा आणि दुय्यम प्रत घरी ठेवून तीही अद्ययावत करून घ्या. बदली झाली की जुन्या कार्यालयातली पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय पुस्तक पुढे जाऊ देऊ नका. आज ती सही एका दिवसात मिळते. तीस वर्षांनी सही करणारा साहेब हयात असेलच असं नाही. टंकलेखन, संगणक, विभागीय परीक्षा, प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद झाली की त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

लग्न, मूल, मृत्यू यांपैकी घरात काहीही घडलं की नामनिर्देशन बदला. भविष्य निर्वाह निधी, उपदान, गटविमा यांची नामनिर्देशनं वेगवेगळी असतात. एक बदललं म्हणजे सगळी बदलली असं होत नाही. जोडीदाराचं नाव सेवापुस्तक, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते आजच ताडून बघा.

वसुलीची नोटीस आली तर घाबरून पैसे भरू नका आणि गप्पही बसू नका. गट क व ड मधील कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून चुकून जास्त दिलेलं वेतन वसूल करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितलं आहे. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी तुम्ही हमीपत्र लिहून दिलं असेल तर त्यावर वाद होतो, म्हणून जाणकाराचा सल्ला घेऊनच लेखी उत्तर द्या.

अंशराशीकरणाचा निर्णय घरात बसून घ्या. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे मिळतात, पण तेवढी पेन्शन पुढची १५ वर्षं कमी येते. आणि आदेश हातात पडेपर्यंत त्या पैशांवर घराचा पाया खोदू नका.

आदेश आला त्या रात्री मी पत्नीला जवळ बसवून तो शब्दन् शब्द वाचून दाखवला. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या रकान्यात तिचं नाव होतं, बँकेत आहे तसंच. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे आधी कधी सांगितलं नाहीत?” छत्तीस वर्षं नोकरी करताना घरात एकदाही मी हा विषय काढला नव्हता. आता ती फाइल तिच्या कपाटात असते. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची आठवण तीच मला करून देते.

उद्या कार्यालयात गेलात की एका ओळीचा अर्ज द्या: ‘माझे सेवापुस्तक पाहण्यास मिळावे.’ दुसऱ्यांचं काम त्यानंतर हातात घ्या.