व्यवसायोपचार : अभ्यासक्रमाची ओळख आणि प्रवेशाची पूर्वतयारी

अर्धांगवायूच्या झटक्यातून रुग्ण वाचला, त्याला रुग्णालयातून घरी आणले, म्हणजे उपचार संपले, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. परंतु खरी अडचण अनेकदा त्यानंतरच सुरू होते. घरी परतलेल्या माणसाला एका हाताने भाकरी मोडता येत नाही, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, न्हाणीघराचा उंबरा ओलांडता येत नाही. मळणीयंत्रात बोटे गमावलेला शेतमजूर, कुष्ठरोगातून बरी झालेली परंतु बोटे वाकलेली स्त्री, मेंदूच्या पक्षाघातामुळे पेन्सिल धरू न शकणारे बालक यांच्यापुढेही हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी उभा असतो. जीव वाचला, आता रोजचे जगणे कसे सावरावे? या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधणारी आरोग्यशाखा म्हणजे व्यवसायोपचार होय.

या शाखेचे शिक्षण महाराष्ट्रात १९५० पासून मिळत आहे. तथापि ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला तिचे नाव बहुधा बारावीचा निकाल लागल्यावर, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतानाच प्रथम ऐकावयास मिळते. तोपर्यंत कागदपत्रांची मुदत टळलेली असते आणि विचार करण्यास वेळही उरलेला नसतो. म्हणून शिक्षक, पालक व पंचायत सदस्य यांनी या अभ्यासक्रमाची माहिती वेळीच करून घेणे अगत्याचे आहे.

नावाचा अर्थ

‘व्यवसाय’ या शब्दामुळे ही शाखा म्हणजे धंदेशिक्षण असावे, असा समज होतो. येथे व्यवसाय याचा अर्थ माणूस दिवसभरात हेतुपूर्वक जी जी कामे करतो, ती सर्व कामे असा आहे. जेवणे, स्नान करणे, कपडे घालणे, लिहिणे, स्वयंपाक, शेतीकाम, खेळ हे सारे त्यात येते. व्यवसायोपचारतज्ज्ञ रुग्णाची हालचाल, संवेदना, आकलन आणि मनःस्थिती तपासतो. कोणते काम कोठे अडते, हे पाहतो. आणि त्या कामाचाच उपचार म्हणून उपयोग करतो. आवश्यक तेथे हाताला आधार देणारी पट्टी तयार करतो, चमच्याची मूठ जाड करून देतो, घरातील मांडणीत बदल सुचवितो. भौतिकोपचारात मुख्यतः स्नायू व सांधे यांचे बळ, हालचाल आणि वेदना यांवर भर असतो. दोन्ही शाखा परस्परांना पूरक आहेत. मनोरुग्णांचे पुनर्वसन हेही व्यवसायोपचाराचे जुने व महत्त्वाचे क्षेत्र आहे.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इंग्रजी आद्याक्षरांमुळे या शाखेस ‘ओटी’ म्हणतात आणि शस्त्रक्रियागृहासही ‘ओटी’च म्हणतात. शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम पूर्णतः वेगळा आहे. अर्ज भरताना व्यवसायोपचार पदवीचे नाव ‘बी.ओ.टीएच.’ असल्याची खात्री विद्यार्थ्याने करून घ्यावी.

मुंबईतील आरंभ

भारतातील या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विवाहानंतर कमलाबाई निंबकर झाल्या आणि त्यांनी भारत हीच आपली कर्मभूमी मानली. फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातील पहिली शिक्षणसंस्था त्यांच्या प्रयत्नाने सुरू झाली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश होता. पुढे नागपुरातही हे शिक्षण सुरू झाले. कमलाबाईंचे निधन १९७९ मध्ये झाले. फलटण येथील ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्या नावाने चालते.

गरज कोठे, शिक्षण कोठे?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, कंपवात यांचा समावेश झाल्याने व्यवसायोपचाराची आवश्यकता असणाऱ्यांचे क्षेत्र कायद्याच्या दृष्टीनेही विस्तारले. २०१३ पासून राबविण्यात येत असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील बालकांची तपासणी होऊन जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातील विलंब शोधले जातात. परंतु विलंब लक्षात आल्यानंतर त्या बालकाला आठवड्यामागून आठवडे उपचार देणारा प्रशिक्षित माणूस जवळ हवा. तो नसेल तर तपासणीची नोंद कागदावरच राहते.

या गरजेच्या तुलनेत शिक्षणाची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. मुंबईत शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय, शीव येथील लोकमान्य टिळक महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या शिक्षणाची प्रमुख सार्वजनिक केंद्रे होत. काही खाजगी व अभिमत संस्थाही हा अभ्यासक्रम चालवितात. राज्याबाहेर ओडिशात कटकजवळील ओलतपूर आणि कोलकाता येथील केंद्र शासनाच्या पुनर्वसन संस्थांत पदवी शिक्षणाची सोय आहे. त्यांची प्रवेश अधिसूचना स्वतंत्रपणे पाहावी लागते.

ज्या तालुक्यातून कोणीही या महाविद्यालयांपर्यंत पोहोचत नाही, त्या तालुक्याकडे परत येणाराही कोणी नसतो. म्हणूनच प्रवेशाचा प्रश्न हा एका विद्यार्थ्यापुरता मर्यादित राहत नाही.

प्रवेशाची पद्धत

राज्यातील आरोग्यविज्ञान अभ्यासक्रमांच्या परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम १९९८ मध्ये स्थापन झालेले, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ करते. व्यवसायोपचाराचा अध्ययनकाल चार वर्षांचा असून त्यानंतर आंतरवासिता पूर्ण करावी लागते. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, मानसशास्त्र या पायाभूत विषयांनंतर विद्यार्थी अस्थिरोग, मज्जासंस्थेचे विकार, बालरोग व मनोविकार या विभागांत प्रत्यक्ष रुग्णांसमवेत काम करतो.

प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे लागतात. प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण होणे आवश्यक असते. राज्यातील प्रवेश ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर होतात. ही परीक्षा ७२० गुणांची असून त्यांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध असते. मात्र भाषेची निवड अर्ज भरतानाच करावी लागते.

येथे अनेक विद्यार्थी एक चूक करतात. ‘नीट’ परीक्षा दिली की प्रवेशाचा अर्ज झाला, असे ते समजतात. वस्तुतः निकालानंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यानंतर कागदपत्रे सादर करणे, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, निवड यादी आणि मूळ कागदपत्रांसह महाविद्यालयात हजर होणे असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्याची मुदत अल्प असते. निवड होऊनही विहित दिवशी हजर न राहिल्यास जागा हातची जाते. गुणांची किमान मर्यादा, शुल्क व वेळापत्रक यांसाठी त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी. मागील वर्षाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

कागदपत्रे : दोन वर्षे आधी

राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि वैद्यकीय पात्रता प्रमाणपत्र ही सर्वसाधारण कागदपत्रे होत. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि प्रवर्गानुसार उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी वेगळे प्रमाणपत्र विहित आहे. जात वैधतेचे प्रकरण पूर्वजांच्या जुन्या नोंदींवर अवलंबून असते. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यातील अक्षर अस्पष्ट असणे किंवा आडनाव दोन प्रकारे लिहिलेले असणे, एवढ्या कारणानेही ते लांबते. म्हणून अकरावीत प्रवेश घेताच पडताळणी समितीकडे प्रस्ताव दाखल करणे श्रेयस्कर ठरते. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या अधिनियमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागांची तरतूद केली आहे. त्यासाठी विहित मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते.

शुल्काच्या भीतीने गुणवान विद्यार्थ्याने मागे हटू नये. महाडीबीटी संकेतस्थळावर अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांच्यासाठी शिष्यवृत्ती, शुल्क सवलत व निर्वाह भत्ता यांच्या योजना आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्यात आली. मुंबईतील निवासाचा खर्च मात्र वेगळा असतो. वसतिगृहाची चौकशी आधीच करावी.

पसंती जाणून घेऊन द्यावी

वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून नाइलाजाने व्यवसायोपचाराचे नाव लिहिणारा विद्यार्थी पहिल्या वर्षीच खचण्याचा संभव असतो. या कामात यश सावकाश येते. हाताची मूठ उघडण्यास महिने लागतात. रुग्ण कंटाळतो, नातेवाईक निराश होतात. चिकाटी, निरीक्षण आणि हातांनी वस्तू घडविण्याची आवड असणाऱ्यासच हे काम मानवते. यासाठी विद्यार्थ्याने पसंतीक्रम भरण्यापूर्वी एखाद्या रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात, विशेष शाळेत किंवा पुनर्वसन केंद्रात परवानगी घेऊन एक दिवस तरी घालवावा.

पदवीनंतर रुग्णालये, पुनर्वसन केंद्रे, विशेष शाळा, मानसिक आरोग्य संस्था आणि स्वतंत्र उपचारकेंद्र अशी क्षेत्रे खुली होतात. पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय आहे. व्यवसायाच्या नियमनासाठी राज्याने २००२ मध्ये व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा अधिनियम केला. केंद्रीय स्तरावर २०२१ च्या अधिनियमाने सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची विद्यापीठ संलग्नता व मान्यता तपासावी, कारण पुढील व्यावसायिक नोंदणी तीवरच अवलंबून असते.

गावाने काय करावे?

माध्यमिक शाळांनी दहावीच्या विद्यार्थ्यांना आरोग्यशाखांची माहिती देताना या अभ्यासक्रमाचा आवर्जून उल्लेख करावा. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या पहिल्या सत्रातच कागदपत्रांची यादी फलकावर लावावी आणि ज्यांचे वैधता प्रस्ताव गेलेले नाहीत, त्यांची नोंद ठेवावी. ग्रामपंचायतीच्या संगणकावरून अर्ज भरण्यास साहाय्य झाले, तर विद्यार्थ्याचा तालुक्याचा हेलपाटा वाचेल. ग्रामसभेत दिव्यांगांसाठीच्या निधीचा विषय निघतो, तेव्हा तिचाकी सायकलींच्या वाटपाबरोबरच, गावातील कोणत्या बालकाला उपचाराची गरज आहे आणि गावातील कोणता विद्यार्थी हे शिक्षण घेऊ शकेल, याचाही विचार व्हावा.

पेन्सिल धरू न शकणारे मूल आज वर्गाच्या कोपऱ्यात किंवा घराच्या ओसरीवर बसलेले आहे. त्याच शाळेत विज्ञान शाखेकडे जाऊ इच्छिणारी एखादी हुशार मुलगीही आहे. त्या मुलीस या शिक्षणाची वाट योग्य वेळी दाखविणे शिक्षकांच्या व पंचायत सदस्यांच्या हाती आहे, आणि त्यासाठी अकरावीचे वर्ष सुरू होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.