मेलेल्या कलमाचा खुंट

डोळा भरलेल्या गुलाबाच्या बुडचे फुटवे वेळींच काढले नाहींत, तर कलम उपाशीं मरतें व मागें नुसता खुंट राहतो. तो एडवर्ड गुलाबाचा असल्यास उपटून टाकूं नये, असें आमचें मत आहे. हिंदी महासागरांतील बूरबाँ, म्हणजे हल्लींच्या रियुनियन, बेटावर इ. स. १८२० च्या सुमारास आढळलेली ही जुनी, सुवासिक जात काटक आहे. ती आपल्याकडील ऊन सोसते. ऑक्टोबरच्या छाटणींत पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांद्यांचे वीतभर तुकडे घेऊन, डोळ्यांचीं टोंकें वर ठेवून, निम्म्याहून अधिक मातींत पुरावे. ओल राखावी, मात्र पाणी सांचूं देऊं नये. हीं रोपें पुढें नव्या कलमांस खुंट होतील. तशींच वाढविल्यास हारांस व गुलकंदास फुलें देतील.